जुनी जिप्सी उचलायची आहे : पाटे, शॅकल की स्प्रिंग ओव्हर?

जिप्सी_तेरा
नमस्कार मंडळी. गाडी मारुतीची जिप्सी किंग, १९९८ चं मॉडेल, १३०० सीसी, कार्ब्युरेटरवाली, एमएच १३ पासिंग. इंजिन ठणठणीत. शेत मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठी. डांबरी सुटली की पाणंद, आणि गळीत हंगाम लागला की उसाच्या डबल ट्रॉल्या त्या पाणंदीची पार वाट लावतात. दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या, मधे वरंबा. गाडी चाकोरीत उतरली की खालून खर्रर्र आवाज येतो आणि पोटात गोळा.

गाडी उचलायची ठरवलंय. एक गॅरेजवाला म्हणतो, स्प्रिंग ओव्हर करून टाकू, म्हणजे ॲक्सलच्या खालचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) वर घेऊ, गाडी पाच इंच वर, एका दिवसात. दुसरा म्हणतो, लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला जोडणारी झुलती कडी) टाका, विषय संपला. तिसरा म्हणतो, पाट्यांना कमान मारून, म्हणजे वाकवून उंच करून देतो. कुणाचं ऐकू? टायर सध्या कंपनीच्याच मापाचे, २०५/७० आर १५.

बे_खरंच
पाच इंच? मग चढायला शिडी पण घे बे. उंटावर बसून शेळ्या हाकायच्यात का?

मापपट्टी
दादा, कुणाचंही ऐकण्याआधी गाडीखाली झोपा. घासतंय नेमकं काय ते बघा. ताजा चरा चकाकतो, लगेच कळतो. कळत नसेल तर खालच्या सगळ्या भागांना चुना फासा, एकदा पाणंदीतून फिरवून आणा आणि चुना कुठला गेला ते पाहा.

हे सांगतेय कारण एक साधी गोष्ट बहुतेक गॅरेजवाले सांगत नाहीत. जिप्सीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, दोन चाकं जोडणारी एकच सलग नळी. तुम्ही पाटे बदला, शॅकल लांब करा, स्प्रिंग ओव्हर करा, वर जाते ती चॅसी आणि बॉडी. ॲक्सल जिथल्या तिथेच. तिच्या मधला फुगीर गिअरचा डबा म्हणजे डिफरन्शियल, त्याच्या बुडाखालची जागा एक मिलिमीटरनेही वाढत नाही. ती वाढते फक्त मोठ्या टायरने, आणि तीही टायरच्या वाढलेल्या उंचीच्या निम्मी.

हिशोब करून ठेवते. २०५/७० आर १५ चा व्यास ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ चा साधारण ७०३. म्हणजे डिफरन्शियल वर जाणार सुमारे १८ मिमी. २३५/७५ आर १५ घेतला तर व्यास ७३३ च्या आसपास आणि फायदा ३३ मिमी. पण २३५ घातला की गिअरिंग जवळपास दहा टक्क्यांनी लांब होतं. तुमच्या तेराशे सीसीला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये दम लागेल, आणि स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ला पळत असेल.

आणि हो, उंची मोजा. सपाट फरशीवर गाडी उभी करा, टाकीत नेहमीएवढं पेट्रोल, मागे सामान नको. चारही कोपऱ्यांत ॲक्सलच्या नळीपासून चॅसीपर्यंतचं अंतर लिहून काढा.

जिप्सी_तेरा
ताई, झोपलो. पुढच्या डिफरन्शियलच्या बुडाला ताजे चरे आहेत. शिवाय ट्रान्सफर केसखालच्या (फोर व्हील ड्राइव्हच्या गिअरबॉक्सखालच्या) आडव्या पट्टीला आणि सायलेन्सरच्या पाइपला पण.

मापं घेतली तर ड्रायव्हरची बाजू डावीपेक्षा पुढे १८ मिमी आणि मागे २२ मिमी खाली. पुढचे पाटे जवळजवळ सपाट झालेत. मागे ड्रायव्हर साइडचा एक पाटा तुटलेला निघाला, चिखलाखाली दिसलाच नव्हता. फोटो चढवत नाहीये, इतका चिखल आहे.

डेपोतला_जुना
मी एसटीत वर्कशॉपला होतो, आता निवृत्त. पोरा, तुझी गाडी उचलायची नाहीये, बसलेली आहे ती उठवायची आहे. आधी ते कर. मग काय कमी पडतं ते बघू.

कमान मारण्याबद्दल सांगतो, कारण आपल्याकडे सोलापुरात पुणे नाक्यापासून हैदराबाद रोडपर्यंत हे काम सर्रास चालतं. पाटा असतो स्प्रिंग स्टीलचा. कारखान्यात तो तापवून, तेलात थंड करून, परत ठरावीक तापमानाला पाणी देऊन (टेम्पर करून) तयार केलेला असतो. त्याचा ताण त्या पाण्यात आहे. दुकानदार गॅसचा बंबा लावून मधेच लाल करतो आणि घणाने वाकवतो. त्या दिवशी गाडी दोन इंच वर दिसते, गिऱ्हाईक खूश. पण जिथे लाल केला तिथलं पाणी उतरलं. पावसाळ्यापर्यंत गाडी परत खाली, नाहीतर नेमका तिथेच तुकडा. कमान मारायचीच असेल तर थंड पाट्यावर, प्रेसखाली, थोडं थोडं सरकवत. आणि तीही धडधाकट पाट्याला. म्हातारा पाटा परत बसणारच.

पाट्याला वेल्डिंग तर कधीच नाही. तुटला तो भंगारात.

एक पाटा जास्तीचा घालणारेही भेटतील. घालायचा तर लांबीने मुख्य पाट्याच्या जवळपासचा घालावा, म्हणजे भार सगळीकडे वाटला जातो. आखूड जाड पाटा मधे कोंबला की गाडी उंच राहते, पण खड्ड्यात दणका थेट कमरेला. जिप्सी मुळात एक टनाच्या आतबाहेरची, तिला ट्रकचा पाटा कशाला?

माझं ऐकशील तर चारही कोपऱ्यांचे नवे पाटे घे, कंपनीच्या मापाचे. बुश (पाट्याच्या टोकातली रबरं) सगळे नवे. पाटा ॲक्सलला बांधणारे यू बोल्ट नवे, जुने परत वापरायचे नाहीत, ते एकदा ताणले की ताणले. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलवरच्या बैठकीच्या भोकात नीट बसलंय का ते बोटाने चाचपून बघ. नुसतं वर टेकलं असेल तर ॲक्सल तिरकी बसते आणि गाडी खेकड्यासारखी चालते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: बुशाचे आणि शॅकलचे नट आधी हलके लावायचे. गाडी जॅकवरून उतरवून चारी चाकांवर उभी करायची, पुढे-मागे हलवायची, मग शेवटचं आवळायचं. हवेत लटकत असताना आवळलं तर रबर कायम पिळलेलं राहतं. महिन्यात फाटतं.

बार्शी_जीप
काकांशी सहमत, पण एक जोडतो. माझ्याकडे महिंद्राची एमएम ५४० जीप आहे, तिलाही चारही बाजूंना पाटेच. आमच्या ग्रुपात एकाने जीपला तीन इंच लांब शॅकल टाकले होते. तुळजापूरच्या घाटात त्याच्या मागे होतो. सरळ रस्त्यालाही गाडी डावी-उजवी करत होती, स्टिअरिंग सोडलं तर परत मधे येत नव्हतं. खाली उतरल्यावर त्याचे खांदे दुखत होते.

कारण शॅकलची जागा. पुढच्या पाट्याचा शॅकल गाडीच्या तोंडाकडे आहे, जिप्सीतही तसंच. शॅकल लांब केला की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, मागचं जिथल्या तिथे. अख्खी ॲक्सल पुढे कलते. किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचं, वरचं टोक मागे झुकलेलं असायला हवं, त्यालाच कॅस्टर म्हणतात, त्यामुळेच वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं. लांब शॅकलने तेच कमी होतं.

शिवाय हिशोब असा की शॅकल दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उठते. कॅस्टर घालवून मिळालं काय, एक इंच.

जिप्सी_तेरा
मग पाचर घालून कॅस्टर परत आणता येत नाही का? गॅरेजवाला म्हणाला, पाटा आणि ॲक्सलच्या मधे तिरकी पट्टी टाकू.

बार्शी_जीप
येतो. पण त्याच पाचरीने पिनियनचं (डिफरन्शियलमध्ये ताकद आणणाऱ्या गिअरचं) तोंड खाली जातं आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, कोन वाढतो. एकीकडे ओढलं की दुसरीकडे उघडं पडतं. एक-दोन अंशांची पाचर ठीक. त्याहून जास्त लागत असेल तर शॅकलच चुकीचा घेतलाय असं समज. आणि पाचर लोखंडी घे, ॲल्युमिनियमची चेपते.

बाकी स्प्रिंग ओव्हरला लोक उगाच नावं ठेवतात. नीट केलं तर उत्तम आहे. पाटा तोच, तो सपाट राहतो, चाक भरपूर लटकतं.

मापपट्टी
नीट केलं तर. एका दिवसात होतं ते नीट नसतं, माझा आक्षेप तेवढाच.

जिप्सीत पाटा ॲक्सलच्या खाली आहे. स्प्रिंग ओव्हर म्हणजे तो वर घ्यायचा. त्यासाठी ॲक्सलच्या नळीवर नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात, आणि त्या कुठल्या कोनात बसवल्या त्यावर कॅस्टर आणि पिनियन दोन्ही ठरतात. वेल्डिंगच्या उष्णतेने नळी वाकू नये म्हणून टाके थांबून थांबून घालायला लागतात. पुढे पाटा आता टाय रॉडच्या वाटेत येतो, म्हणून टाय रॉड किंवा ड्रॅग लिंक या स्टिअरिंगच्या दांड्यांची रचनाच बदलायची. पाच इंच वर गेल्यावर जुनी ड्रॅग लिंक इतकी तिरकी होते की खड्ड्यात चाक वर-खाली झालं की स्टिअरिंग स्वतः फिरतं.

एवढं सगळं केलं तरी पाटा ॲक्सलच्या वर असल्याने जोरात ब्रेक मारला किंवा पहिल्या गिअरमध्ये दाबलं की पाटा एस आकारात पिळतो. पिनियन उसळतो. त्याला वेगळा दांडा लावावा लागतो. शिवाय प्रोपेलर शाफ्टची लांबी, ब्रेकच्या नळ्या, शॉकअप, बंप स्टॉप (चाक फार वर गेलं की अडवणारं रबर) सगळं नव्याने. आणि गुरुत्वमध्य पाच इंच वर घेऊन सोलापूर-पुणे हायवेला ९० ने जायचं? मी बसणार नाही त्या गाडीत.

ब्लॉकचं, म्हणजे पाटा आणि ॲक्सलच्या मधे ठोकळा घालायचं, कुणी सुचवेल म्हणून आत्ताच लिहिते. पुढच्या ॲक्सलला ठोकळा कधीच नाही. ब्रेकचा बराचसा पीळ पुढे येतो, ठोकळा निसटला तर संपलं. मागेही एकावर एक ठोकळे नकोत.

बार्शी_जीप
मान्य. पण माळावर दगडात खेळणाऱ्याला ते लागतं, शेतावर जाणाऱ्याला नाही, एवढंच म्हणायचं होतं.

कागदपत्र
कुणी कायद्याचं बोललंच नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आलं: परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

झिजलेले पाटे काढून कंपनीच्या मापाचे बसवणं ही दुरुस्ती आहे, तिला कुणी हात लावणार नाही. पाच इंचांचा स्प्रिंग ओव्हर हा उघड बदल. तुमची गाडी पंधरा वर्षांच्या पुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी फेरनोंदणीसाठी इन्स्पेक्टरसमोर उभी करावी लागते. आणि अपघात झालाच तर विमा कंपनीचा सर्व्हेअर आधी गाडीखाली वाकून बघतो.

बे_खरंच
झालं. सगळा धागा कोर्टात गेला.

सीनाकाठ
माझं पण शेत त्याच बाजूला. दादा, खरं सांगू का, काळ्या मातीत उंचीचा काही उपयोग नाही. पाऊस पडून गेल्यावर वाफसा यायच्या आत पाणंदीत शिरलं तर ट्रॅक्टरसुद्धा बसतो, जिप्सीचं काय घेऊन बसलात. ती माती टायरच्या नक्षीत भरते, मग मडगार्डमध्ये भरते, मग चाक फिरायचंच थांबतं. उंच गाडीत एवढंच की मडगार्डमध्ये माती भरायला जरा वेळ लागतो.

कोरड्यात तर चाकोरीत उतरायचंच कशाला? एक चाक वरंब्यावर आणि एक बांधाकडे, तिरकं घालायचं. टायरची हवा थोडी कमी करायची, डांबरीला लागायच्या आधी परत भरायची. आणि हंगाम संपला की आठ-दहा जणांनी पैसे घालून एकदा ब्लेडवाला बोलवायचा, वरंबा सपाट. आम्ही दरवर्षी करतो. पाट्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतं.

माळरान
सीनाकाठ यांनी माळाचा विषय काढला नाही, पण बार्शी_जीप यांनी काढला म्हणून विनंती. गाडी उंच झाली की लोकांना नान्नजकडचा मोकळा माळ खुणावतो. तो मोकळा नाही. १९७९ पासून अभयारण्य आहे. माळढोक जमिनीवरच अंडं घालतो, तेही बहुधा एकच, ते पावसाळ्यात. चंडोल आणि तितराचीही घरटी गवतातच. वर बसलेल्याला ती दिसत नाहीत. कृपया गाड्या घालू नका.

बार्शी_जीप
आमचा ग्रुप तिकडे जात नाही. पण काही जण जातात हे खरं आहे, आणि व्हिडिओही टाकतात वर.

जिप्सी_तेरा
मंडळी, काम करून घेतलं. काय केलं ते सांगतो, कुणाला उपयोग झाला तर.

चारही पाटे नवे, कंपनीच्या मापाचे. बुश रबरचेच घेतले. पॉलियुरेथेनचे टिकतात म्हणतात, पण ग्रीस कमी पडलं की कुरकुरतात आणि पाट्याला पिळायला कमी देतात. शॅकल मूळ मापाचेच. नव्या पाट्यांनीच गाडी पुढे ३६ मिमी, मागे ४१ मिमी वर आली आणि डावी-उजवी सारखी झाली. म्हणजे लिफ्ट म्हणून जे मागत होतो ते गाडीतच होतं, फक्त बसलं होतं. टायर २१५/७५ घेतले. पूर्ण वळवूनही कुठे घासत नाहीत.

शॉकअप घेण्याआधी मापपट्टी ताईंनी फोनवर सांगितलं तसं केलं. शॉकअप काढून एक चाक जॅकने वर, दुसऱ्या बाजूचं लटकतं ठेवून, दोन बैठकांमधलं सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त अंतर मोजलं. दुकानदार लांबडे देत होता. ते घेतले असते तर बंप स्टॉप लागायच्या आधीच शॉकअप आत बसून फुटले असते. मूळ लांबीचेच पुरले.

चाक लटकत असताना ब्रेकची रबरी नळी बघितली. उजवीकडची अगदी ताणलेली होती, शिवाय वरून तडकलेली. दोन्ही बदलल्या, तांब्याचे वॉशर नवे. स्टिअरिंगचं चाक थोडं वाकडं झालं होतं, ते ड्रॅग लिंकच्या स्लीव्हवर सरळ केलं.

सायलेन्सरचा पाइप आता लागत नाही, आडवी पट्टी लागत नाही. डिफरन्शियल क्वचित लागतं, तिथे सीनाकाठ दादांचं तिरकं घालणं चालू केलंय.

आता नवीन दुखणं. ५५ च्या पुढे खालून घुमल्यासारखा कंप येतो. ७० ला सीट हलते. न्यूट्रल केलं तरी येतो, म्हणजे इंजिन नाही. चाकांचं बॅलन्सिंग झालंय. आधी हे नव्हतं.

बार्शी_जीप
मागचा पिनियन आणि ट्रान्सफर केसचं तोंड समांतर आहे का बघ. दोन क्रॉसचे कोन सारखे असले तरच एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो.

डेपोतला_जुना
मूळ शॅकल आणि मूळ मापाचे पाटे आहेत, कोन एवढा बिघडणार नाही. मला एक सांग, पाटे काढताना प्रोपेलर शाफ्ट मधे स्प्लाइनवर (सरकत्या दात्यांच्या जोडावर) ओढून वेगळा केला होता का?

जिप्सी_तेरा
हो काका. ग्रीस भरायला मिस्त्रीने दोन्ही शाफ्ट काढून सोडवले होते.

डेपोतला_जुना
मग तिथेच आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना जे काटे आहेत ते एका रेषेत पाहिजेत. स्प्लाइनला दाते बरेच असतात, एक-दोन दाते सरकवून बसवला तरी बसतो, पण काटे एकमेकांपासून तिरके होतात. मग दोन्ही क्रॉस एकमेकांचा झटका मारायच्या ऐवजी वाढवतात. सोडवण्याआधी दोन्ही भागांवर छिन्नीने एक रेघ मारायची असते, डेपोत नव्या पोराला पहिल्यांदा तेच शिकवायचो. गाडी रॅम्पवर घे, शाफ्ट हाताने फिरव आणि एका टोकाकडून बघ.

जिप्सी_तेरा
काका, तसंच निघालं. मागचा शाफ्ट एक दाता तिरका होता. सरळ करून बसवला, रेघही मारून घेतली. काल अक्कलकोटला जाऊन आलो, ८० पर्यंत शांत.

मापपट्टी
छान. आता दोन कामं उरली. पाच-सातशे किलोमीटर झाले की यू बोल्ट परत टॉर्क पान्याने आवळा, नवे पाटे एकमेकांवर बसले की ते ढिले होतातच. आणि पुढून गाडी उचलली गेलीय, तेव्हा हेडलाइट भिंतीवर पाडून खाली करा. समोरच्या ट्रॅक्टरवाल्याचे डोळे दिपतायत.

जिप्सी_तेरा
हेडलाइटचं सीनाकाठ दादांनी परवाच शिव्या देऊन सांगितलं. करून घेतले.

सीनाकाठ
शिव्या नव्हत्या, प्रेमाने बोललो होतो. बाकी शनिवारी ब्लेडवाला येतोय, तुझा वाटा घेऊन ये.